तांब्याचा कुत्रा

१

कुत्रा नाहीसा झाल्याने कोणाचा किती फायदा झाला, हा हिशेब वासंतीबाईंनी चहा निवायच्या आत मांडून टाकला. डिस्टिलरीची विक्री बघणाऱ्या इंद्रनीलला वर्षभराची मोकळीक मिळत होती. मालकाच्या मुलीला, फियोनाला, बापाशी वाद न घालता हवं ते करता येत होतं. त्यांच्या मुलाचा, संग्रामचा, फायदा शून्य होता आणि तोटा सगळा. पण आईने मुलाला आधीच सोडून दिलं तर ते आईपण झालं, चौकशी नव्हे. म्हणून त्याचंही नाव त्यांनी मनातल्या रांगेत उभं केलं, फक्त जरा सावलीत.

वासंतीबाईंनी पुण्यात एका विमा कंपनीच्या दावे विभागात सगळी नोकरी काढली होती. 'माझं नुकसान झालं हो' असं कोणी रडत आलं की त्या आधी पाण्याचा पेला पुढे करायच्या आणि मग फायदा कुणीकडे गेला ते बघायच्या. निवृत्तीनंतर त्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यूझीलंडला आल्या. पेला आणि नजर, दोन्ही सवयी त्यांच्याबरोबर आल्या.

कुत्रा म्हणजे भुंकणारा नव्हे. कोपरापासून मनगटापर्यंत लांबीची तांब्याची नळी. एका टोकाला जुनं नाणं डाख देऊन बसवलेलं, दुसऱ्या टोकाला बूच. शंभर वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या डिस्टिलऱ्यांत कामगार अशी नळी चामडी पट्ट्याने विजारीच्या आत, मांडीपाशी लोंबकळत ठेवायचे आणि गोदामातून निघताना पिंपातली थोडी व्हिस्की तिच्यात घेऊन घरी जायचे. मालकाला दिसत नाही आणि बाळगणाऱ्याला सोडत नाही, म्हणून तिचं नाव कुत्रा. संग्रामचा मालक ह्यू मॅक्रे, त्याचे पणजोबा बोटीने इकडे आले तेव्हा चोरीचं हे हत्यार घेऊन आले. पुढे पामर्स्टन नॉर्थपासून अर्ध्या तासावर त्यांनी स्वतःची डिस्टिलरी काढली आणि मालक झाल्यावर तीच नळी सन्मानाने कपाटात टांगली. चोर मालक झाला की हत्याराचं मानचिन्ह होतं, हे काही फक्त स्कॉटलंडातच घडतं असं नाही.

घराण्याचा नियम असा, की जुना मुख्य डिस्टिलर नव्याच्या हातात कुत्रा देणार. नवा मुरलेल्या पिंपातून त्या नळीने पहिला घोट काढून सगळ्यांना वाटणार. मगच तो मुख्य. येत्या शनिवारी ह्यू तो संग्रामच्या हातात देणार होता.

बुधवारी सकाळी संग्रामने कपाट उघडलं. कुलूप जागच्या जागी होतं. कुत्रा नव्हता.

"कुत्रा नाही, तर शनिवार नाही," ह्यू म्हणाला. "आणखी वर्षभर मीच बघेन."

संग्रामने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याने बूटसुद्धा काढले नव्हते. "आई, हॅमिल्टनच्या दूध पावडरवाल्यांना सोमवारी उत्तर द्यायचंय. आठ वर्षं ह्यूच्या हाताखाली काढली. आता होत नसेल तर मी परत पावडरीत जातो."

"बूट काढ आधी," वासंतीबाई म्हणाल्या. "आणि उद्या मला तिकडे ने."

२

डिस्टिलरीत पाऊल टाकताच वासंतीबाईंना केरसुणीची आठवण झाली. गोदामात पिंपांच्या रांगांवर कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार थाटले होते.

"झाडत नाही का रे कोणी?"

"जाळी काढली तर चव बदलेल म्हणतो ह्यू," संग्राम म्हणाला. "इथे काहीही साफ करायचं नाही, घासायचं नाही. मागच्या वर्षी नवं भांडं बनवून आणलं, तर जुन्या भांड्याला जिथे जिथे पोचे होते तिथे तिथे नव्यालाही हातोडीने पाडून घेतले."

तांब्याची ती दोन भांडी बघायला वासंतीबाई थांबल्या. गणपतीच्या देवळाच्या कळसाएवढी, वर निमुळत्या माना. बार्ली भिजवून मोड आणायचे, इथल्या मानुका झुडपाच्या लाकडाच्या धुरावर ते सुकवायचे, भरडून गरम पाण्यात त्यांची गोडी उतरवायची, लाकडी टाक्यांत यीस्ट घालून आंबवायचं आणि मग या तांब्यातून दोनदा वाफ काढायची. पद्धत सगळी स्कॉटलंडची, पण बाटलीवर स्कॉच लिहायचं नाही. ते नाव तिथेच मुरलेल्या मालाला. इथे नुसतं व्हिस्की.

"आणि वर्षाला थोडी उडून जाते पिंपातून," संग्राम सांगत होता. "त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात."

"हप्ता भरायचा आणि दावा कधी करायचा नाही," वासंतीबाई म्हणाल्या. "चांगली पॉलिसी आहे देवदूतांची."

इंद्रनील विक्री बघायचा. मूळचा मुंबईचा, मराठीत सुरू करून इंग्रजीत उतरणारा. त्याने काकूंना खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला, म्हणजे बोलणं लवकर संपावं.

"काकू, खरं सांगू? मला संग्राम हेड झालेला चालेल. फक्त आत्ता नको."

"का रे?"

"ऑकलंडच्या एका दुकानाला मी हिवाळ्यात बाटल्या देतो म्हणून बोललोय. ह्यूला संध्याकाळी गाठलं की तो सही करतो. संग्राम हेड झाला की म्हणणार, अजून मुरली नाही. त्याचं नाक म्हणजे ट्रॅफिक पोलीस आहे."

"म्हणजे कुत्रा हरवला ते बरंच झालं."

"बरंच झालं," इंद्रनील म्हणाला आणि मग ओठ चावला. "पण घेतला नाही मी. किल्ली दुकानातल्या खिळ्यावर असते, कोणीही घेऊ शकतं. संग्रामकडे तर स्वतःची आहे."

ह्यूची मुलगी फियोना पाहुण्यांचं दुकान सांभाळायची. तिने कुठलाच आडपडदा ठेवला नाही. "तो कुत्रा म्युझियममध्ये हवा. डनीडनवाले कधीचे मागतायत. बाबा देत नाहीत. पण मी चोरला असता तर तिथे मांडणार कसा? खाली पाटीवर माझंच नाव आलं असतं ना."

युक्तिवाद बिनतोड होता. वासंतीबाईंनी तो ठेवून घेतला.

"आवराआवर करत होतात वाटतं?" त्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघून विचारलं. धुळीत चौकोन उमटला होता.

"जुने कपडे, कप, बशा. दान म्हणून ऑप-शॉपला, जुन्या वस्तूंच्या दुकानाला, द्यायला खोकं भरलं होतं. तुमची सूनच, सिद्धी, घेऊन गेली मंगळवारी. ती गावातच राहते, म्हटलं टाकशील का जाता जाता." फियोना हसली. "बाबांनी पण बुधवारी हेच विचारलं. खोकं कुठंय, खोकं कुठंय. इतकी वर्षं एक मोजा टाकू देत नव्हते, आता खोक्याची काळजी."

३

घरी सोडायला ह्यू स्वतः आला. ऐंशीला टेकलेला, ताठ, ट्रक चालवताना स्टिअरिंगशी भांडणारा माणूस. वाटेत तो कुत्र्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. कोकरांबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला, मोड आलेल्या बार्लीला काकडीसारखा वास येतो त्याबद्दल फार छान बोलला. वासंतीबाईंना तो आवडला. दाव्यांच्या चौकशीत माणूस आवडला की त्या नेहमी पर्स मांडीवर घट्ट धरायच्या.

वासंतीबाई ट्रकमधून उतरल्या तेव्हा फाटकाशी जनार्दनराव उभे होते. सिद्धीचे वडील, म्हणजे वासंतीबाईंचे व्याही. त्यांच्या सौभाग्यवती धाकट्या मुलीकडे ऑकलंडच्या न्यू लिन भागात गेल्या होत्या, त्यामुळे दोन विरुद्ध पक्षांचे दोन वरिष्ठ सदस्य महिनाभर एकाच छपराखाली नांदत होते. जनार्दनरावांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता आणि जावयाच्या कामाला ते 'भट्टी' म्हणत. 'जावईबापू भट्टीवर गेले का?' हा त्यांचा रोजचा सकाळचा प्रश्न होता.

आज त्यांच्या डोक्यावर लाल-हिरव्या चौकड्यांची लोकरी टोपी होती.

"किया ओरा," जनार्दनराव ट्रककडे बघून म्हणाले. त्यांना येणारा तेवढाच स्थानिक शब्द, नमस्काराचा, ते सढळ हाताने वापरत.

ह्यू टोपीकडे बघत राहिला. बघत राहिला म्हणजे इतका, की ट्रक हळूहळू मागे घरंगळायला लागला.

"छान टोपी आहे," शेवटी तो म्हणाला. "कुठे मिळाली?"

"ऑप-शॉप. फ्री," जनार्दनराव म्हणाले.

ह्यूने तोंड उघडलं, मिटलं, गिअर टाकला आणि निघून गेला.

"तऱ्हेवाईक माणूस आहे," जनार्दनराव म्हणाले. "भट्टीवाला ना?"

संध्याकाळी वासंतीबाईंनी चिंचगुळाची आमटी करायला घेतली आणि चिंचेची बरणी रिकामी निघाली. ऑकलंडकडच्या पापाटोएटोतल्या भारतीय दुकानातून मुद्दाम आणलेला चिंचेचा अख्खा गोळा गेला होता.

"सिद्धी, चिंच तू घेतलीस?"

"आई, मला लॅबमधून यायला सात वाजतात, मी चिंच काय करू? बाबा, तुम्ही?"

"मी स्वयंपाकघरात पाऊल तरी टाकतो का?" जनार्दनराव पेपर न उलटता म्हणाले. ते खरं होतं, आणि म्हणूनच ते त्यांनी आजच का सांगितलं, असं वासंतीबाईंना वाटून गेलं. "आमसूल घाला की. मला हल्ली काहीही चालतं. पित्त गेलंय. कालपासून जळजळ नाही, झोप तर अशी की काय सांगू."

"हवा मानवली असेल."

"असेल," जनार्दनराव म्हणाले आणि लाजल्यासारखे हसले.

आमसूल घालता घालता वासंतीबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मागच्या दाराबाहेर जनार्दनरावांचं कढीपत्त्याचं लाडकं रोप वाऱ्याने वाकायचं. आज ते ताठ उभं होतं. त्याला काठीशी बांधलं होतं, जुन्या, काळ्या, चामड्याच्या पट्ट्याने.

४

शुक्रवारी सकाळी सिद्धी गाडीची किल्ली शोधत होती. "आई, गंमत सांगू? काल ऑप-शॉपमधल्या बाई भेटल्या. म्हणाल्या, तुमचा तो ह्यू दोनदा येऊन गेला. काही घेतलं नाही, काही दिलं नाही. फियोनाचं खोकं कुठलं, एवढंच विचारलं, ते तळापर्यंत उपसलं आणि तोंड पाडून गेला."

वासंतीबाईंचा पेला तोंडाशीच राहिला.

दावे विभागात त्यांनी नव्या पोरांना एक गोष्ट नेहमी शिकवली होती. हरवलेली वस्तू माणूस सगळीकडे शोधतो. लपवलेली वस्तू तो एकाच जागी शोधतो. संग्रामने कुत्र्यासाठी गोदाम पालथं घातलं होतं, फियोनाने दुकान. ह्यूने मात्र फक्त एक खोकं उपसलं होतं.

आणि त्याच्या आधी शिकवायची गोष्ट त्या स्वतःच विसरल्या होत्या. माल चोरीला गेला की पहिलं नाव मालकाचं घ्यायचं. कुत्रा नाही, तर शनिवार नाही. शनिवार नाही, तर आणखी एक वर्ष. त्यांनी सगळ्यांचा फायदा मांडला, आणि सगळ्यात मोठा फायदा ज्याचा त्यालाच मांडायचं राहिलं.

"सिद्धी, मंगळवारी ते खोकं तू थेट दुकानात टाकलंस?"

"नाही हो, दुकान बंद झालं होतं. रात्रभर गॅरेजमध्ये होतं. बुधवारी टाकलं."

रात्रभर गॅरेजमध्ये. आणि गॅरेजमध्ये रोज संध्याकाळी शतपावली कोण घालतं?

वासंतीबाई उठल्या आणि जनार्दनरावांच्या खोलीच्या दारावर टकटक केली.

खोलीत उदबत्तीचा वास होता. खिडकीत छोटा देव्हारा. त्याच्या शेजारी, सकाळच्या उन्हात, सोन्यालाही लाजवेल अशी लखलखती तांब्याची नळी उभी होती. वर बूच, बुचावर तुळशीचं पान.

"या विहीणबाई," जनार्दनराव म्हणाले. मग वासंतीबाईंची नजर कुठे आहे ते त्यांना दिसलं. "ते होय. आमचा तांब्या विमानातल्या वजनापायी घरीच राहिला बघा. चाळीस वर्षांची सवय, रात्री तांब्यात पाणी भरून ठेवायचं, उठल्या उठल्या प्यायचं. इथं सगळं काचेचं नि प्लास्टिकचं. त्या टाकाऊ खोक्यात या टोपीत गुंडाळलेलं हे सापडलं. काळंकुट्ट होतं. म्हटलं, लोकांना तांब्याची किंमत नाही."

"आणि चिंच?"

जनार्दनरावांनी मान खाली घातली. "घासायला घेतली, बरणीतली. तेवढं एकदाच पाऊल टाकलं मी स्वयंपाकघरात."

"पट्टा काढलात."

"चामडं हो. पिण्याच्या पाण्याला कसं लावायचं? पण वाया नाही घालवला, रोपाला बांधला."

"आणि बूच?"

"बूच तेच ठेवलं. त्याला इतका सुरेख वास आहे, विहीणबाई. मधासारखा, जुन्या लाकडासारखा. औषधी वनस्पती असणार. पाण्याला उतरतो तो. पित्त गेलं ते त्यानेच."

वासंतीबाईंनी खिडकीबाहेर बघितलं आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या, कारण चेहरा ताब्यात यायला तेवढा वेळ लागणार होता.

"वस्तू ह्यूची आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "चुकून खोक्यात गेली. परत द्यायला हवी."

"टाकून दिलेली होती. मी चोरी नाही केली."

"तुम्ही नाही केलीत," वासंतीबाई म्हणाल्या. "ही नळी हाती येऊन चोरी न करणारे तुम्ही पहिलेच."

५

गोदामात ह्यू एका पिंपावर बसला होता. वासंतीबाईंनी पंच्यात गुंडाळलेली वस्तू त्याच्यासमोर ठेवली आणि पंचा सोडला.

ह्यूच्या तोंडून प्रथम आनंदाचा आवाज निघाला आणि लगेच दुसरा. "घासलंय."

"चिंचेने."

"शंभर वर्षांचा काळेपणा होता तो. माझ्या आजोबांच्या हाताचा."

"टोकाचं नाणं तसंच आहे. पोचे मोजून घ्या, सगळे आहेत, पट्टाही आहे. आणि तुमची टोपी फार उबदार आहे असं आमचे व्याही म्हणतात."

वर जाळ्यातून एक कोळी सावकाश उतरला, दोघांकडे बघून परत वर गेला.

"मला तो टाकायचा नव्हता," ह्यू म्हणाला. "फक्त शनिवार जाऊ द्यायचा होता. खोक्यात कोण बघणार? आणि फियोनाने तेच खोकं उचललं. मग तुमच्या दारात ती टोपी दिसली. विचारणार कसं? विचारलं असतं तर मीच लपवला हे सांगावं लागलं असतं." तो नळीवरून अंगठा फिरवत राहिला. "संग्राम माझ्याहून चांगला आहे. तो प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की रविवारी सकाळी उठून मी जायचं कुठे?"

चौकशीत इथे पाण्याचा पेला पुढे करायचा असतो. पाणी नव्हतं, म्हणून वासंतीबाई शेजारच्या पिंपावर बसल्या.

"निवृत्त झाल्यावर मी कितीतरी दिवस सकाळी डबा भरत होते," त्या म्हणाल्या. "पोळीभाजी. मग अकरा वाजता स्वयंपाकघरातच उभी राहून खायची. कोणी विचारलं तर म्हणायची, सवय आहे."

"मग बंद कसं झालं?"

"कोणीतरी अडलं आणि मला विचारायला आलं." त्यांनी पिंपावर हात ठेवला. "यातली व्हिस्की मुरली की नाही, हे कोणी ठरवायचं?"

"आत्तापर्यंत मी नाकाने ठरवत आलो."

"संग्राम चालवेल. पण पिंप उघडायचं तुमच्या नाकाला विचारून. रोज सकाळी. खुर्ची त्याची, नाक तुमचं. मात्र हा कुत्रा कुठे होता ते उद्या तुम्ही स्वतः सांगायचं. माझ्या मुलाकडे किल्ली होती. लोकांनी दोन दिवस त्याच्याकडे बघितलंय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग मी सांगेन," वासंतीबाई म्हणाल्या. "आणि मी सांगायला लागले की लांबतं."

६

शनिवारी अंगणात टेबलं मांडली. शेजारचे शेतकरी आले, सिद्धीच्या संस्थेतले लोक आले, कोणी रबरी जँडल चपला घालून आलं, कोणी स्कॉटिश घागऱ्यासारखा किल्ट. जनार्दनरावसुद्धा आले. जावयाचा मान आहे, फाटकाशी उभा राहीन, आत येणार नाही, असं म्हणत ते पुढच्या रांगेतल्या खुर्चीपर्यंत पोचले होते.

ह्यू उभा राहिला. "कुत्रा चोरीला गेला नव्हता," तो म्हणाला. "मीच लपवला होता. म्हाताऱ्याला घरी जायचं नव्हतं, एवढंच." मग फियोनाने बापाला मिठी मारली आणि तिच्या मागून सगळं अंगण हसायला लागलं.

ह्यूने लखलखती नळी संग्रामच्या हातात दिली. संग्रामने पट्टा बांधला, नळी पिंपाच्या भोकातून आत सोडली, बाहेर काढली आणि सोनेरी धार पहिल्या पेल्यात पडली.

पुढच्या रांगेत जनार्दनरावांचा रंग उडाला. त्यांनी नळीकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, मग हळूच वासंतीबाईंकडे झुकले.

"विहीणबाई. ते आपलं... म्हणजे ती नळी याच्यासाठी?"

"शंभर वर्षं."

"आणि त्या बुचाचा वास..."

"औषधी वनस्पती, जनार्दनराव. मोड आलेली."



संध्याकाळी गाडीत मागे बसून वासंतीबाईंनी कोणी हप्ता म्हणून काय भरलं ते जुळवलं. ह्यूने खुर्ची भरली आणि चारचौघांत तोंडाने कबुली भरली, बदल्यात रोजची सकाळ घेतली. संग्रामने मुख्य होताच पहिला हुकूम दिला, आणखी दोन हिवाळे बाटली नाही, त्यामुळे ऑकलंडला फोन करायचं काम इंद्रनीलने भरलं. हॅमिल्टनच्या पावडरवाल्यांनी एक चांगला माणूस गमावला. फियोनाला कुत्रा नाहीच मिळाला; तिने टोपीच मागून घेतली म्युझियमसाठी, म्हणजे ऊब जनार्दनरावांनी भरली. कुत्र्याने शंभर वर्षांचा काळेपणा भरला. चिंचेचा गोळा वासंतीबाईंचा गेला आणि त्याचा दावा त्यांनी अजून दाखल केलेला नाही. तो कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात सिद्धीने पापाटोएटोहून बाबांना नवाकोरा तांब्याचा तांब्या आणून दिला. त्यात रात्री पाणी भरलं, सकाळी प्यायलं, आणि तिसऱ्या दिवशी जळजळ परत आली.

न्याहारीला जनार्दनराव पोट धरून बसले होते. 'भट्टी' हा शब्द त्या घरात शनिवारपासून कोणी ऐकला नव्हता.

"जावईबापू डिस्टिलरीत निघाले का?" त्यांनी विचारलं. मग पेपर उलटत, कोणाकडेही न बघता, "सहज विचारतो हो. ती जुनी बुचं टाकून देतात का ते लोक?"